बाई आणि नारूचं गाव

आमच्या मुख्यसेविका बाई कुठल्याही गावात शिरल्या की पाटलाच्या घराकडं वळत नसत. चावडीकडंही नाही. गाडीतून उतरायच्या, छत्री उघडायच्या आणि समोर जी कोणी बाई दिसेल तिला विचारायच्या, "पानी कुठून आनता व?" तिनं हात करून दाखवलं की तिच्या मागं चालू लागायच्या. इकडं पाटील ओसरीवर सतरंजी अंथरून, चहाचं आधण ठेवून ताटकळत बसलेला, आणि बाई पाणवठ्यावर दगडावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांशी बोलत बसलेल्या.

मी तेव्हा ग्रामसेविकेचं प्रशिक्षण संपवून नुकतीच चांदा जिल्ह्यात आले होते. हल्ली त्याला चंद्रपूर म्हणतात, आणि गडचिरोली तेव्हा त्यातच होतं. मी वर्ध्याकडची. धानाची शेती, बोड्या म्हणजे शेतांजवळची छोटी तळी, जंगलातून जाणारे गाडीरस्ते, हे सगळं मला नवीन. प्रशिक्षणात आम्हांला शिकवलं होतं की गावात गेल्यावर प्रथम प्रतिष्ठित मंडळींना भेटावं, त्यांचा विश्वास संपादन करावा. पहिल्याच दौऱ्यात मी बाईंना हे मोठ्या नम्रपणे सुचवलं.

"प्रतिष्ठित मानूस पानी भरते का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग त्याले पान्याचं काय विचारू?"

यात टोमणा नव्हता. बाई टोमणे मारत नसत. त्यांना खरोखर उत्तर हवं असायचं, आणि आपण ते दिलं नाही तर त्या वाट पाहत थांबायच्या. त्यांच्याबरोबर काम करणं त्यामुळंच अवघड होतं.

पन्नाशीच्या आसपासच्या असाव्यात. उंच, काळ्यासावळ्या, नऊवारी लुगडं पोटऱ्यांपर्यंत खोचलेलं आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. कमरेला एक कापडी बटवा, त्यात भाजलेली मोहफुलं. बोलता बोलता एकेक तोंडात टाकायच्या आणि समोरच्यालाही द्यायच्या, मग तो कलेक्टर कचेरीतला साहेब का असेना. साहेबलोक ते फूल हातात धरून बसायचे. खावं की ठेवावं हे त्यांना समजत नसे. बाई पूर्वी सिरोंच्याकडं शाळेत शिकवत होत्या म्हणे, त्यामुळं तेलुगू बोलायच्या. त्यांच्या नवऱ्याबद्दल ऑफिसात चार जणांच्या चार कहाण्या होत्या. मी एकदा धीर करून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "होता एक. चांगला होता. तुले कोनी काय सांगतलं?" आणि त्या चारही कहाण्या त्यांनी माझ्याकडून इतक्या आवडीनं ऐकून घेतल्या की शेवटी खरी कोणती हे विचारायचं मीच विसरले.

त्यांचं पालुपद एकच होतं. "मले माईत नाई, म्हनून विचारून राह्यली."

सरकार तेव्हा गावोगावच्या मंडळांना विहिरीसाठी अनुदान देत असे. उरलेला वाटा गावानं श्रमदानानं उचलायचा, म्हणजे खोदायचं, गोटे-रेती आणायची. कुठल्या गावाच्या मंडळाला अनुदान द्यावं याची शिफारस बाईंकडून जायची. कागद सगळ्यांचेच छान असत. बाई कागद बाजूला ठेवायच्या आणि त्या गावाला आधी फक्त एक दोर आणि एक बादली द्यायच्या. सगळ्या गावानं वापरायची. एक हंगाम गेला की बघायला जायच्या. दोर जाग्यावर असला तर विहिरीची शिफारस.

मूलकडच्या एका गावात आम्ही गेलो तर दोर गायब. सरपंच इकडचं तिकडचं बोलू लागला. इतक्यात त्याच्याच गोठ्यातून बैल हंबरला, आणि आम्ही पाहिलं तर बैल आमच्या दोरानं बांधलेला. सरपंचाचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता बाई याला धारेवर धरणार. त्या बैलाजवळ गेल्या, त्याच्या पाठीवर हात फिरवला.

"चांगला हाय. मारते का?"

"नाई जी," सरपंच कसाबसा म्हणाला.

"दात किती?"

बैलाबद्दल सगळं विचारून झाल्यावर आम्ही निघालो. त्या गावाला त्या वर्षी विहीर मिळाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या गावच्या बायकाच स्वतः वळलेला अंबाडीचा दोर घेऊन ऑफिसात आल्या. बाईंनी तो दोर उलगडून पाहिला, वळायचा कसा ते शिकून घेतलं आणि मग शिफारस लिहायला बसल्या.

संडासांचंही असंच. खात्यानं काही गावांत नमुन्याचे संडास बांधून दिले होते. आम्ही एका गावी तपासणीला गेलो तर आत लसणाच्या गड्ड्या टांगलेल्या. मी संतापले. बाईंनी आत डोकं घातलं. "चांगलं कोठार झालं. उंदीर येत नाई ना?" मालकीण लाजून म्हणाली, "नाई बाई, फरशी हाय न." मग बाई तिच्याशी बोलत बसल्या, आणि दिवस मावळायच्या सुमाराला गावातल्या सुना डबे घेऊन शेताकडं निघाल्या तेव्हा त्यांच्याबरोबर चालत गेल्या. परत आल्या त्या हसतच.

"सासूच्या कानाआड बोलाले त्यायले तेवढीच एक वेळ भेटते," मला म्हणाल्या. "आपन एकटीले कोंडाची खोली देऊन राह्यलो. त्यायले चौघींची पाह्यजे."

आणि खरंच त्यांनी ओळीनं चार, मधे कमरेएवढ्या भिंती, असा नकाशा काढून वर पाठवला. ओव्हरसियर दोन दिवस हसत होता. पुढं एका गावात तसे बांधले, तर त्यांत लसूण कधी टांगला गेला नाही.

अहेरीच्या पलीकडं, जंगलातल्या एका गोंड पाड्यावर, सरकारी विहीर सोडून लोक नदीच्या रेतीत उकरलेल्या झिऱ्याचंच पाणी पीत होते. बाईंनी तिथल्या म्हाताऱ्याला कारण विचारलं. पाण्याला तो 'येर' म्हणाला. विहिरीतलं येर झोपलेलं आहे, झिऱ्यातलं चालतं, असं काहीसं त्याचं म्हणणं होतं. बाई एवढ्या खूश झाल्या की महिनाभर ज्याला त्याला सांगत होत्या. आणि त्या झिऱ्याला गुरांची घाण लागू नये म्हणून पोकळ खोडाचं कडं बसवायला मंडळाला पैसे मिळावेत, असं त्यांनी वर लिहिलं. "असं काही खर्चाच्या यादीतच बसत नाही," ओव्हरसियर म्हणाला. "यादी कोनी केली?" बाईंनी विचारलं. ओव्हरसियरला ते खरोखरच ठाऊक नव्हतं.

हे सगळं गमतीचं. पण बाई म्हटलं की मला आधी आठवतं ते नारूचं गाव.

सावलीहून वैनगंगेच्या अंगानं गेलं की ते लागायचं. नाव वेगळंच होतं, पण आसपास सगळे त्याला नारूचं गावच म्हणत. नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांब किडा. माणसाच्या पायात वाढतो, आणि पावसाच्या तोंडावर कातडी फोडून बाहेर येतो. ओढला तर तुटतो, तुटला तर पाय सुजून सडतो. म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढावा लागतो, आणि तोवर माणूस खाटेवर. धानाचे परे, म्हणजे रोपं, रोवणीला आले की नेमकं त्याच वेळी गावातली निम्मी माणसं खाटेवर. परे पिवळे पडून जात. त्या गावात पोरगी द्यायला कोणी तयार नसे.

गावाला पाण्याची एकच जागा. पायऱ्यांची विहीर. माजी मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, आज्यानं बांधलेली, सुरेख दगडी काम, आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर शेंदूर लावलेली देवी. बायका पायऱ्या उतरून, पाण्यात पाय बुडवून गुंड, म्हणजे पितळी घागरी, भरायच्या. गावाबाहेरच्या मोहल्ल्यातल्या बायकांना मात्र पायरी उतरायची मुभा नव्हती. त्या वर उभ्या राहायच्या आणि कोणी दया येऊन ओतेल तेवढं पाणी न्यायच्या.

आम्ही उन्हाळ्यात गेलो. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं. बाईंनी एका काचेच्या पेल्यात ते घेतलं, उन्हात धरलं आणि बायकांना जवळ बोलावलं. पाण्यात बारीक पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत होते. बाईंनी भिंग दिलं. प्रत्येकीनं पाहिलं. "अवं माय!" म्हणून एक मागं सरली.

बाईंनी सांगितलं, "नारूवाला पाय पान्यात बुडते. नारू तिथी पिल्लं सोडते. हे किडे ते पिल्लं खाते. मंग हे किडे आपन पेतो. वरसभरानं आपल्या पायात नारू."

सगळ्यांच्या मागून एक आवाज आला. "किडे तं भाजीत बी रायते. म्हनून भाजी सोडाची का?"

सगळ्या हसल्या आणि वाट मोकळी झाली. ती जनाबाई. मालगुजाराच्या घरची थोरली विधवा सून, आता साठीची. मालगुजारी गेली होती, पण विहिरीवर शब्द अजून तिचाच चाले. तिच्या दोन्ही पोटऱ्यांवर जुन्या नारूंचे वण होते.

बाई म्हणाल्या, "पायऱ्या बंद करून वरून चाकानं पानी काढलं, तं कोनाचा पाय पान्यात जानार नाई. सरकार मंडळाले मदत देते. बाया मंडळात पाह्यजे, सगळ्या मोहल्ल्यातल्या."

"माह्या आजेसासऱ्यानं पुन्यासाठी बांधली," जनाबाई म्हणाली. "पायऱ्या बुजवल्या तं त्याचं पुन्य बुजते. अन् देवी? तिले का पान्यात कोंडाची?"

"देवी केव्हापासून हाय तिथी?" बाईंनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. जनाबाईला ते उलट उत्तर वाटलं. तरी रीत म्हणून तिनं आम्हांला घरी नेलं, ओसरीवर बसवलं आणि पितळी गडव्यातून पाणी आणून बाईंच्या पुढं धरलं.

बाई कुठंही पाणी गाळूनच पीत. बटव्यात मोहफुलांबरोबर एक दाट विणीचं फडकं कायम असायचं. सवयीनं त्यांनी ते काढलं.

"आमचं पानी गाळून पेता?" जनाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आमच्या घरच्या पान्यात इटाळ हाय का?"

दारात बायका उभ्या होत्या. बाईंनी फडकं घडी करून बटव्यात ठेवलं, गडवा तोंडाला लावला आणि संपवला. मग जनाबाई माझ्याकडं वळली. मी हात पुढं करणार इतक्यात बाईच म्हणाल्या, "तिले निरंकार उपास हाय. पानी बी चालत नाई."

मला कसलाही उपास नव्हता. परतताना गाडीत मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तहान लागली असन तुले. झोऱ्यात बाटली हाय, उकळलेलं पानी हाय." एवढंच.

पुढचं वर्षभर मी त्यांच्या पायांकडं पाहत होते. त्याही पाहत होत्या. "कोनत्या पायातून निघन, सांग बरं?" एकदा ऑफिसात फायली लावताना त्यांनी विचारलं. मला रडू आलं. ब्लॉकच्या डॉक्टरांना समजलं तेव्हा ते बाईंना फार बोलले. शिकलेल्या माणसानं असं करावं का, वगैरे. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते आत शिरते तवा पोटातून पायापर्यंत येते कसं? वाट कोन दाखवते त्याले?" डॉक्टर हात जोडून उठून गेले.

पाऊस सुरू झाला आणि बाईंच्या डाव्या घोट्याजवळ फोड आला. ताप आला, सर्वांगाला खाज. फोड फुटला आणि आत पांढरा दोरा दिसला. डॉक्टरांनी चांद्याच्या दवाखान्यात जायला सांगितलं. बाईंनी गाडी जुंपायला लावली आणि गाडीवानाला म्हणाल्या, "नारूच्या गावाले चाल."

मी भांडले. रस्ता चिखलाचा, पाय असा. पण माझं ऐकतं कोण. जाताना त्या प्रत्येक धक्क्याला दात आवळत होत्या आणि मधूनच विचारत होत्या, "ह्या शेतात परे झाले का रोवून?"

शाळेच्या ओसरीवर त्यांनी खाट टाकून घेतली. गावातला एक म्हातारा नारू काढण्यात हुशार होता. तो रोज सकाळी येऊन काडीला एक-दोन वेढे द्यायचा. बाई पाय लांब करून बसायच्या आणि जी येईल तिला पाहू द्यायच्या. गावात प्रत्येकीनं नारू पाहिलेला, पण सरकारी बाईचा नारू पाहायला सगळा गाव लोटला. देवीचा कोप म्हणावं तर या बाईनं देवीचं काय बिघडवलं होतं? ती तर हात जोडून गेली होती. काही वावगं खाल्लं म्हणावं तर गावात कधी जेवलीही नव्हती. बायका आपसात कुजबुजत. बाई कोणालाही काही समजावून सांगत नव्हत्या. नुसतं "तुह्याले किती दिस लागले होते? कोनत्या पायाले?" असं विचारत होत्या.

जनाबाई आली नाही. चार-पाच दिवसांनी आली. खाटेजवळ उभी राहिली, काडी पाहिली.

"माह्या घरचं पानी?" तिनं विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "बाकी वरसभर गाळल्याबिगर पेली नाई."

जनाबाई तशीच वळून गेली.

त्यानंतर दोन दिवसांत नारू तुटला. वेढा देताना नाही, बाई झोपेत कुशीवर वळल्या आणि काडी खाटेच्या दोरीत अडकली. दुपारपर्यंत पाय गुडघ्यापर्यंत सुजला. संध्याकाळी त्या बरळू लागल्या. गावातल्या गड्यांनी खाट खांद्यावर घेऊन चिखलातून सावलीपर्यंत नेली, तिथून मोटारीनं चांदा. दवाखान्यात डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की पाय कापावा लागेल, कदाचित त्यानंही भागणार नाही. बाईंच्या जवळचं कोणी आहे का, असं विचारलं. मला सांगता येईना. मी म्हणाले, मीच आहे.

पाय कापावा लागला नाही. पण बाई दोन महिने तिथंच होत्या, आणि घोटा कायमचा आखडला.

मधल्या काळात मी एकदा गावी गेले, बाईंचं सामान आणायला. विहिरीपाशी पाहते तर वरच्या पायरीवर जनाबाई बसलेली, हातात काठी. प्रत्येक येणारीला "पाय दाखव" म्हणत होती. जिच्या पायाला नारू, तिला खाली उतरू देत नव्हती. तिचं भांडं दुसऱ्या बाईकडून भरून आणवत होती. एका तरण्याताठ्या गड्यानं हुज्जत घातली, तर तिनं काठी त्याच्या पोटरीवर हाणली. मला पाहून तिनं तोंड फिरवलं. "कशी हाय?" एवढंच पाठमोरी विचारलं.

दवाखान्यात जाऊन मी हे सांगितलं तेव्हा बाई उशीवरून उठून बसल्या. किती दिवसांनी त्यांचा तो कुतूहलाचा चेहरा मी पाहत होते. "खरंच? रोज बसते? मारलं म्हनतेस? काठी कायची होती, बांबूची का सागाची?"

धान निघाल्यावर मंडळ झालं. जनाबाई, आणखी काही बायका, दोन गडी, आणि बाहेरच्या मोहल्ल्यातून मंजुळा. मंजुळा तिशीची, हाडकुळी, फार न बोलणारी. बाई कुबडी घेऊन बैठकीला आल्या. पायऱ्या बुजवायच्या, वर गोल कठडा आणि ओटा बांधायचा हे सगळ्यांना मान्य झालं. देवीला वर आणायचं जनाबाईनंच ठरवलं. "इतके वरस पान्यात पाय बुडवून बसली, तिले बी वर येऊ द्या," असं ती म्हणाली.

अडलं ते पाणी ओढायच्या चाकावर. मंडळातला एक गडी म्हणाला की मोहल्ल्यातल्या बायांनी ओट्यावर चढू नये, त्यांना आधीसारखं वरून ओतून देऊ.

बाई म्हणाल्या, "सरकारी मदत सगळ्यायच्या विहिरीले भेटते. नाई तं मी शिफारस करत नाई."

"नका करू," गडी म्हणाला.

पायऱ्या बुजवायला आणलेले गोटे बाहेर तसेच पडले होते. जनाबाई जमिनीकडं पाहत होती. तेव्हा मंजुळा उठून उभी राहिली.

"वर उभं राहूनच पानी मांगाचं असन, तं पायऱ्याच बऱ्या हाय," ती म्हणाली. "आता खाली जानारीले बी आमच्यावानी नारू तं होते. नव्या विहिरीत तुमी सुटले, आमी तिथीच."

तो गडी उठून निघून गेला. शेवटी जनाबाईनं विचारलं, "दोन चाकं लावली तं? एक ह्या बाजूनं, एक त्या?"

बाईंना ते रुचलं नाही. मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी मंजुळाकडं पाहिलं. "तुमाले काय वाटते?"

मंजुळानं विचार केला. "मी माह्या हातानं काढीन ना?"

"हो."

"मंग लावा. चाकाचं पुढं पाहू."

बाईंनी शिफारस लिहिली. पुढं कित्येक वर्षांनी मी त्या गावावरून गेले तेव्हा एक चाक मोडून पडलं होतं, आणि दुसऱ्यावर सगळ्यांची रांग होती. भांडण चाललं होतं, पण ते कोणाचा नंबर आधी यावरून.

विहीर झाली आणि पुढच्या पावसात पुन्हा नारू निघाले. लोक खवळले. "पायऱ्या बुजवून काय फायदा झाला?" ज्यांनी पायऱ्या बुजवल्या होत्या तेच ओटा फोडायला कुदळी घेऊन आले. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की यंदाही निघतील, मागच्या साली प्यालेलं पाणी अजून अंगात आहे. पण ते कोणाच्या लक्षात होतं? एकट्या जनाबाईच्या. ती ओट्यावर जाऊन बसली. "एक वरस थांबा," म्हणाली. "पुढच्या साली निघाला, तं पहिली कुदळ मी मारते."

ते वर्ष बाईंना फार जड गेलं. त्यांची बदली अहेरीकडं झाली होती. तिकडूनही त्या मला निरोप पाठवत, त्या गावाकडं जाऊन ये, काही कळलं का?

पुढच्या पावसात रोवणी सुरू झाली आणि बाई रजा काढून आल्या. आम्ही गाडीतून गेलो. गावात कोणी नव्हतं, सगळं गाव धानाच्या बांध्यांमधे. चिखलात ओळीनं वाकलेल्या बाया, गाणं चाललेलं. बाई काठी टेकत बांधावरून चालत गेल्या आणि जी भेटेल तिला म्हणाल्या, "पाय दाखवा व." बाया हसत हसत चिखलातून पाय उचलून बांधावर ठेवत होत्या. चिखल निथळत होता. बाई पाहत होत्या, एकीचा झाला की दुसरीचा, पुन्हा पहिलीचा. कुठंच काही नव्हतं. मंजुळाही तिच्या मोहल्ल्याच्या बायांबरोबर दुसऱ्या बांधीत होती. तिनं तिथूनच पाय वर करून दाखवला.

जनाबाई बांधाच्या टोकाला परे देत बसली होती. बाई तिच्याजवळ थांबल्या. बाईंनी सांगायच्या आधीच तिनं आपले दोन्ही पाय पुढं केले. जुने वण, बाकी काही नाही.

"आता तुमचा दाखवा," ती म्हणाली.

बाई तिच्या शेजारी बसल्या, आखडलेला पाय कसाबसा पुढं घेतला आणि बूट काढला. दवाखान्यातून आल्यापासून तो पाय मीही उघडा पाहिला नव्हता. घोटा वाकडा झालेला, पोटरी वाळलेली, वर लांब चकाकता वण. जनाबाईनं पिण्याच्या पाण्याचा गुंड ओढला आणि त्यातलं पाणी ओंजळीनं त्या पायावर घातलं. हळूहळू, घोट्यापासून बोटांपर्यंत.

"त्या दिशी माईत होतं ना तुमाले?" तिनं विचारलं.

"होतं."

"मंग काऊन पेल्या?"

"नसती पेली, तं पुन्हा पानी देल्लं असतं का मले?"

जनाबाईनं पदरानं पाय पुसला.

"दुखते?"

"पान्यापावसात."

"माह्ये बी," जनाबाई म्हणाली, आणि आपले पाय बाईंच्या पायाशेजारी पसरून बसली.